दहावीच्या निकालानंतरचा जून

दहावीचा निकाल लागला की आदिवासी मुलींच्या शिक्षणाबद्दल आपल्याकडे आठवडाभर बोललं जातं. पाड्यावरची पहिली दहावी पास मुलगी, गळ्यात हार, शेजारी अवघडून उभे असलेले आईवडील, असा फोटो छापून येतो. मग कुठेतरी परिसंवाद होतो. अशाच एका परिसंवादात मी श्रोत्यांत बसले होते. एक वक्ते म्हणाले, पालकांनाच शिक्षणाची गरज वाटत नाही, सोळाव्या वर्षी लग्न लावून मोकळे होतात, तिथे शासन काय करणार? दुसरे म्हणाले, आपलं शिक्षण त्यांच्यावर लादूच नका, स्त्रीला मान देण्यात त्यांचा समाज आपल्यापेक्षा पुढे आहे. दोन तास हेच चाललं. निकाल हातात आल्यापासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंतचे जे सहा-सात आठवडे असतात, त्यांच्याबद्दल दोघांपैकी कोणी अवाक्षर काढलं नाही. मुलीचं पुढचं आयुष्य ठरतं ते मात्र त्याच आठवड्यांत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आदिवासी मुलगी शाळेत टिकेल की नाही, हे शाळेनंतर तिच्यापुढे काय वाढून ठेवलंय त्यावर ठरतं. राहायला सुरक्षित जागा, स्वतःच्या हातात येणारी कमाई आणि नावावर थोडा हक्क, या तीन गोष्टी पुढे दिसत असतील तर आईबाप पोटाला चिमटा काढून मुलीला शिकवतात. त्या दिसत नसतील, तर कितीही सायकली वाटा, कितीही प्रबोधन करा, नववी-दहावीच्या वर्गातले बाक रिकामे होत राहणार. म्हणून शासनाची जबाबदारी दहावीच्या दाखल्यापाशी संपता कामा नये. मुलगी स्वतःच्या कमाईवर उभी राहीपर्यंत ती चालली पाहिजे.

मी दरवर्षी जूनमध्ये काही मुलींना अर्ज भरायला मदत करते. दोन वर्षांपूर्वी पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची कातकरी मुलगी आली होती. दहावीला सत्तर टक्क्यांच्या वर गुण होते आणि नर्स व्हायचं होतं. हातात निळी प्लास्टिकची फाइल, ती भिजू नये म्हणून युरियाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली. आत शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, आधार आणि आईच्या नावाचं रेशनकार्ड. वसतिगृहासाठी आणखी हवे होते जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं आणि ऑनलाइन अर्ज. पहिल्या खेपेला खातं जोडलेलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा निघाला. तिसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. प्रत्येक खेपेला चार किलोमीटर चाल, मग एसटी, आणि ऐन आवणीत, म्हणजे भातलावणीत, एका दिवसाची मजुरी बुडीत. मुलीची आणि सोबत आलेल्या आईचीही. पुढे नर्सिंगला जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागेल, असं मी सांगितलं तेव्हा आईनं विचारलं, "त्याला काय लागतं?" लागतो ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा. आजोबा-पणजोबांच्या शाळेतली नोंद, जमिनीचा उतारा, काहीही. ज्या घराण्यानं कधी जमीन पाहिली नाही, ज्याच्या तीन पिढ्या कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेल्या, त्यानं हा कागद कुठून आणायचा? घरात पहिल्यांदा ज्या मुलीनं अक्षर ओळखलं, तिच्याकडे आपण तिच्या जन्माच्या साठेक वर्षं आधीचं अक्षर मागतो.

ऑगस्टच्या अखेरीस वसतिगृहाची यादी लागली. तिचं नाव होतं. तोवर ती डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीत कामाला लागली होती आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं म्हणून घरानं भट्टीच्या शेठकडून बयाणा, म्हणजे आगाऊ मजुरी, उचलला होता. सरकारी रकान्यात अशा मुलीपुढे कारण काय लिहितात? "पालकांची उदासीनता."

हा शब्द मला फार लागतो. ज्या आईबापांनी सहा वर्षांची पोर घरापासून लांब आश्रमशाळेत नेऊन सोडली, ते उदासीन? आश्रमशाळांत ताप अंगावर काढून, साप चावून मुलं दगावल्याच्या बातम्या पाड्यापाड्यावर पोचलेल्या असतात. तरी दर जूनला पोरांच्या पत्र्याच्या पेट्या जीपच्या टपावर चढतातच. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत, आणि त्या भरल्या आहेत त्या याच आईबापांच्या भरवशावर. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या आदिवासी स्त्रियांची साक्षरता सुमारे ५७ टक्के होती, तर राज्यातल्या सगळ्या स्त्रियांची सुमारे ७६. ही दरी मोठी आहे, पण त्या ५७ टक्क्यांमागे शाळेत पाय न ठेवलेल्या लाखो आयांनी घेतलेले निर्णय आहेत. दहावीपर्यंत ज्यांना शिक्षणाचं मोल कळत होतं, त्यांना ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी कळेनासं होतं, हे पटण्यासारखं आहे का?

लग्नं लवकर होतात, हे मात्र नाकारून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. हा आकडा सगळ्या समाजांचा आहे, फक्त आदिवासींचा नाही, पण आदिवासी पट्टे त्यातून सुटलेले नाहीत. प्रश्न असा की लग्न लवकर होतं म्हणून शिक्षण सुटतं, की शिक्षणाची वाट बंद झाली म्हणून लग्न होतं? नंदुरबारकडून गुजरातच्या ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. कोयता म्हणजे जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. त्यावर आगाऊ मिळणारी उचल ठरते. सोळा वर्षांची मुलगी घरी रिकामी बसली तर खाणारं एक तोंड, लग्न झालं तर एक नवा कोयता. त्या हिशेबाला परंपरा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. डहाणू-तलासरी भागात १९४५ च्या वारली उठावाआधी 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोनं त्याच्याकडे राबायचं. ते कर्ज बहुधा आयुष्यभर फिटायचं नाही. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या साथीदारांनी ती वेठ मोडून काढली. वारल्यांना लग्नाचं फार वेड म्हणून असं होतं, असं तेव्हाचे सावकार सांगत. आज बयाण्याच्या कर्जात अडकलेल्या घराला आपण 'मुलीच्या लग्नाची घाई' म्हणतो, तेव्हा आपलं बोलणं त्या सावकारांपेक्षा कितीसं वेगळं असतं?

दुसऱ्या वक्त्यांचा मुद्दा जास्त वजनाचा आहे आणि तो मी टाळणार नाही. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते, ती बाई असते. बहुतेक आदिवासी समाजांत हुंडा नाही. उलट मुलीच्या बापाला देज मिळतं. विधवेनं पुन्हा घर मांडण्यात कोणाला वावगं वाटत नाही. आणि शाळेनं काय दिलं? कोरकू, गोंडी, भिली, पावरी बोलणाऱ्या मुलीला पहिल्या दिवसापासून कळलं की तिची भाषा वर्गाबाहेर ठेवायची असते. शिकून नोकरीला लागलेल्या काही घरांत आता हुंडा शिरला आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शिकलेली मुलगी जत्रेत नाचायला लाजते, आईबरोबर बाजारात जाताना चार पावलं पुढे चालते. हे नुकसान खरं आहे, आणि ते शिक्षण देणाऱ्यांनी केलं आहे.

पण यावरचा इलाज 'शिकवू नका' हा कसा असेल? शाळा सुटलेली मुलगी रानात, नाचात, आपल्या भाषेच्या कुशीत राहते, असं चित्र मनात धरून हा युक्तिवाद केला जातो. ती राहते भट्टीवर, वीट थापणाऱ्या आईच्या मागे, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. तिथली भाषा शेठची. संस्कृती जपायची असेल तर जपणाऱ्याच्या पायाखाली जमीन लागते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाला स्वतःचा बांबू स्वतः विकता येऊ लागला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचे व्यवहार स्वतः करू लागल्या. त्यासाठी निविदा वाचावी लागते, कंत्राटदाराशी करार करावा लागतो, मजुरीचा हिशेब ठेवावा लागतो, बँकेत जावं लागतं. हे काम बारावी शिकलेली गावचीच मुलगी का करणार नाही? तिथे तिचं शिक्षण आणि तिचं जंगल एकमेकांच्या आड येत नाहीत. जंगल गावाच्या हाती राहायला तिचं शिक्षण लागतं.

शाळेनं आयुष्याकडे यायचं असतं, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू करून पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती. कोणाच्या मागे गुरं, कोणाच्या कडेवर धाकटं भावंड. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. भावंडासाठी पाळणाघर काढलं आणि गुरं चरतात त्या कुरणावरच शाळा नेली. कुरणशाळा हा शब्द तिथून आला. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. एकदा बंद झालेलं दार पुन्हा उघडतं तेव्हा काय होतं, हे त्यांना कोणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांच्या मुलासाठी त्यांनी जो विचार केला, तोच आज सोळा वर्षांच्या मुलीसाठी करायचा आहे. तिची अडचण आता गुरं नाहीत. तिची अडचण आहे जूनची ती फाइल, एसटीचं भाडं आणि शहरातली एक खाट.

आता तिसरा आक्षेप, जो व्यासपीठावर कोणी घेत नाही पण पाड्यावर सगळे घेतात. "शिकून काय झालं?" डीएड झालेली पोरगी आवणीला जाते, बीए झालेली बसून आहे, मग आमची कशाला शिकवायची? यावर 'शिक्षण हे शिक्षणासाठी असतं' असं उत्तर देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. स्वतःच्या मुलीला ते असं सांगतील का? पाड्यावरच्या या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन झालं आहे. शाहू महाराजांच्या तीन तारखा एका ओळीत ठेवून बघा. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, आणि त्यामागोमाग एकेका समाजासाठी वसतिगृहं. २६ जुलै १९०२ ला संस्थानाच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला तो १९१७ मध्ये. म्हणजे आधी पोरगं राहणार कुठे ते बघितलं, मग शिकून जाणार कुठे ते बघितलं, आणि सक्ती सगळ्यात शेवटी केली. खेड्यातल्या कुणब्याला मुलगा शाळेत का घालावा हे पटवायला भाषण लागलं नाही. शेजारचा पोरगा कचेरीत कारकून झालेला दिसत होता. मुलींच्या बाबतीतही तेच. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदननं १९०९ पासून बायकांना परिचारिका आणि शिक्षिका होण्याचं शिक्षण दिलं. ज्या विधवांना घरात कोपरा मिळत नव्हता, त्यांना पगाराचं काम मिळालं आणि मग समाजाचं तोंड आपोआप बदललं.

आदिवासी मुलींच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा केला. सक्ती आणि कायदे आधी, वसतिगृह अपुरं, आणि नोकरीच्या नावानं शिलाई मशीन. शिलाई मशीनला मी कमी लेखत नाही. पण ज्या पाड्यावर सगळे मिळून वर्षाला दहा ब्लाउज शिवून घेतात, तिथे वीस मुलींना शिवणकाम शिकवून त्यांच्या हाती काय येणार? याच तालुक्यांत परिचारिका, शिक्षिका, अंगणवाडी पर्यवेक्षिका, वनरक्षक, तलाठी लागतात. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातल्या अशा पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवारांच्या नेमणुकीचा मार्ग काढला होता. पुढे एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं आंध्र प्रदेशातलं शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं आणि आपल्याकडची भरतीही न्यायालयीन वादात सापडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्षांसह काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या घेतल्या, तेव्हा ही रखडलेली भरती त्यांच्या मागण्यांत होती. त्यातून मिळालं ते मानधनावरचं काम.

न्यायालयाचं म्हणणं एका अंगानं मलाही पटतं. सगळ्याच्या सगळ्या जागा एका गटासाठी राखल्या तर बाकीच्यांना संधी उरत नाही. पण वाट इथे संपत नाही. मेळघाटातल्या बाळंतिणीला जिथे दुखतंय ती जागा कोरकूत सांगता आली पाहिजे आणि समोरच्या नर्सला ती कळली पाहिजे. भाषा येणं ही त्या कामाची पात्रता आहे, मेहेरबानी नाही. स्थानिक बोलीची खरीखुरी परीक्षा ठेवा, तोंडी आणि कडक, कोणत्याही जातीच्या उमेदवाराला देता येईल अशी. मला खात्री आहे की त्या परीक्षेत पाड्यावरच्या मुली वर येतील. आज त्यांची जी भाषा शाळा पुसून काढते, तीच त्यांच्या पगाराचं कारण होईल. मग दुसऱ्या वक्त्यांच्या संस्कृतीच्या काळजीलाही काही अर्थ येईल.

वसतिगृहाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण आई सगळ्यात जास्त घाबरते ती तिथे. आदिवासी विकास विभागाच्या स्वयं योजनेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बारावीनंतर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जेवणखाण आणि राहण्यासाठी मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम मिळते. चांगली योजना आहे. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला ठाण्यात किंवा नाशिकमध्ये खोली कोण देतं? आडनाव विचारून झाल्यावर? आणि हप्ता उशिरा आला तर तोवर ती खाते काय? जुलै २०१८ मध्ये, खानावळ बंद करून पैसे खात्यात टाकण्याच्या निर्णयाविरुद्ध वसतिगृहातली मुलं-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. आयते पैसे का नाकारतात, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मुलींना विचारलं असतं तर कळलं असतं. खात्यात आलेला पैसा घरी कोणी आजारी पडलं की घरी जातो, ताटात आलेलं जेवण मुलीच्याच पोटात जातं. म्हणून तालुक्याच्या गावी खाट आणि ताट हवं, नुसती रक्कम पुरत नाही. आणि तिथे मुलीचा मानही राखला गेला पाहिजे. सुट्टीहून परतणाऱ्या मुलींना गरोदरपणाची चाचणी करून यायला सांगितल्याच्या तक्रारी वसतिगृहांतून आल्या आहेत. जिथे मुलगी दारातच आरोपी ठरते, तिथे कोणती आई मुलीला पाठवेल? हे प्रकार होतात म्हणून आश्रमशाळा आणि वसतिगृहं बंदच करा, असं म्हणणाऱ्यांचा संताप मला समजतो. पण त्यांनी मुलीसाठी दुसरी जागा दाखवली पाहिजे. गावात शाळा आठवीच्या पुढे नाही, आणि शिक्षण हक्क कायद्याचं मोफत शिक्षणाचं वचनही चौदाव्या वर्षी संपतं.

लग्नाच्या वयाचा कायदा हाही याच उलट्या क्रमाचा भाग. मुलींचं लग्नाचं वय एकवीस करण्याचं विधेयक २०२१ मध्ये आलं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. ते पुन्हा आणा, असं अधूनमधून कोणीतरी म्हणतं. अठराच्या कायद्याचं पाड्यावर काय होतं, ते आधी पाहू. सतरा वर्षांची मुलगी गरोदर राहते. दवाखान्यात गेलं की पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक. नवरा आत जाईल, म्हणून ती दवाखान्यातच जात नाही. बाळंतपण घरी, रक्त अंगात नाही, नोंद कुठेच नाही. मुलींचं रक्षण करणारा कायदा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वसतिगृहात खाट आणि पुढे पगार दिसत असलेल्या मुलीचं लग्न आईबाप स्वतःच पुढे ढकलतात, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की कायद्याचा आकडा वाढवण्यात शक्ती घालवावी असं मला वाटत नाही.

आणि जमीन. हा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे वक्ते गप्प होतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातलं कलम २(२) अनुसूचित जमातींना त्या कायद्याबाहेर ठेवतं, केंद्रानं वेगळी अधिसूचना काढली तरच तो लागू होतो. म्हणून वडिलांच्या जमिनीत मुलीला वाटा आहे की नाही, हे रूढीवर सोडलं गेलं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं एक मोठं काम केलं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर. पण त्यात आईबापांच्या घरात राहणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलीला स्वतंत्र जागा नाही. म्हणजे तिच्या नावावर वनजमीन यायची तर सरळ मार्ग लग्नाचाच. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या वगळण्याचा फेरविचार करायला केंद्राला सुचवलं होतं, आणि जुलै २०२५ मध्ये एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात स्त्री वारसांना समान वाटा दिला. यावर भीती घातली जाते की मुलीनं बाहेर लग्न केलं तर जमीन समाजाबाहेर जाईल. भीती खोटी नाही. आदिवासींची जमीन कशी गेली त्याचा इतिहास फार जुना नाही. पण आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये यासाठी राज्यात १९७० च्या दशकापासून कायदे आहेत. ते घट्ट करा. ती राखण करण्याचं ओझं एकट्या मुलीच्या खांद्यावर, तिला वाटा नाकारून, का?

ती युरियाच्या पिशवीतली फाइल यंदा पुन्हा माझ्या घरी आली. मुलगी आता अठराची आहे. लग्न झालेलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं का, हे विचारायला आली होती. आम्ही तारखा पाहिल्या, कागद लावले, वैधतेसाठी आजोबांच्या भावाचं नाव कुठल्या जुन्या नोंदीत सापडतं का याचा शोध सुरू केला आहे. या खेपेला तिच्याबरोबर धाकटी बहीण होती, आश्रमशाळेत आठवीत शिकणारी. सगळा वेळ ती काही बोलली नाही, बहिणीचे कागद एकेक करून मला देत राहिली. दिवाळीनंतर तिला शाळेतच ठेवायचं की भट्टीवर न्यायचं, ते अजून ठरलेलं नाही. मोठीचं काय होतंय ते बघून सांगते, असं आई म्हणाली.